कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे : ग्रंथ, गिरणी आणि तुरुंग

बिर्लानगर म्हटले की ग्वाल्हेरच्या माणसाला प्रथम गिरणी आठवते. येथील जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली उभी राहिली. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत एकवीस वर्षांच्या एका मराठी तरुणाने गांधी आणि लेनिन यांच्या मार्गांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून देशभर ओळखले गेलेले कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे ते हेच. ज्या वस्तीचा दिवस गिरणीच्या भोंग्याने उगवत असे, तेथील ग्रंथालयाने शताब्दीच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे उचितच आहे. कारण डांगे यांच्या आयुष्यात गिरणी आणि ग्रंथ एकमेकांपासून कधीच दूर नव्हते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी नाशिक जिल्ह्यात झाला. मुंबईत विल्सन महाविद्यालयात शिकत असताना ते असहकाराच्या चळवळीकडे ओढले गेले आणि शिक्षण मागे पडले. त्यांची पुस्तिका वाचून रणछोडदास लोटवाला यांनी त्यांना जवळ केले. पिठाच्या गिरणीचे मालक असलेल्या या गृहस्थांच्या साहाय्याने मार्क्सवादी ग्रंथांचा संग्रह उभा राहिला, हे विशेष. १९२२ साली डांगे यांनी ‘सोशालिस्ट’ हे साप्ताहिक सुरू केले. सरकारची नजर वळायला वेळ लागला नाही. १९२४ साली कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

सुटून आल्यावर ते मुंबईच्या गिरणगावात उतरले. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांचा संप जवळजवळ सहा महिने चालला. त्या संपातूनच गिरणी कामगार युनियन उदयास आली आणि डांगे तिचे सरचिटणीस झाले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, चाळीच्या एका खोलीत दहाजणांनी राहणाऱ्या माणसाला आपल्या मजुरीचा हिशेब मालकापुढे मांडता येतो, ही जाणीव या संपाने दिली. वर्षअखेरीस युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली, तीत डांगेही होते. १९३३ साली त्यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती तीन वर्षांवर आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा बंदिवासात गेले. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी प्राचीन भारतीय समाजाचा मार्क्सवादी दृष्टीने अभ्यास मांडला. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतचा प्रवास सांगणारा हा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. स्वतः मार्क्सवादी असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीच त्याच्यावर कठोर टीका केली. त्या टीकेत तथ्य होते. तरीही पुस्तकांचा तुटवडा असलेल्या कोठडीत वेदवाङ्मयाशी झुंजण्याची जिद्द कौतुकास्पदच म्हटली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्या बरोबरीने डांगे उभे राहिले. १९५७ साली मुंबईतून ते लोकसभेवर गेले आणि १९६७ साली पुन्हा निवडून आले. ज्यांचे मराठीपण महाराष्ट्राबाहेर वाढले, त्या आपल्यासारख्यांना या लढ्याचे अप्रूप वेगळेच. कामगारांचा पुढारी भाषेच्या प्रश्नावरही तितक्याच आत्मीयतेने झुंजू शकतो, हे त्यातून दिसले.

उत्तरायुष्य मात्र कडवट ठरले. १९६४ साली पक्ष फुटला. १९२४ मध्ये त्यांनी तुरुंगातून ब्रिटिश सरकारला लिहिल्याचे सांगितले गेलेली पत्रे तेव्हा पुढे आली. डांगे यांनी ती बनावट ठरवली, पण संशयाचे सावट राहिलेच. आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला. पुढे पक्षाने ती भूमिका चुकीची मानली, डांगे मात्र काँग्रेसशी सहकार्याच्या मतावर ठाम राहिले. अखेर १९८१ साली ज्या पक्षाच्या उभारणीत आयुष्य वेचले, त्याच पक्षातून त्यांना काढून टाकण्यात आले. २२ मे १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा २००४ साली उभारण्यात आला.

अशा माणसाची थोरवी त्याच्या चुका झाकून सांगता येत नाही, आणि चुका मोजून ती संपतही नाही. एकट्याने विचार करून ठाम राहण्याचा जो स्वभाव त्यांना एकविसाव्या वर्षी लेखणी उचलायला लावून गेला, त्यानेच उतारवयात त्यांना एकटे पाडले. मुंबईचे गिरणगाव आज ओसरले आहे, आपल्या जे. सी. मिलचा भोंगाही नव्वदच्या दशकात थांबला. मजुरीचा करार, संघटनेचा हक्क आणि वाचून स्वतःचे मत बनवण्याची सवय मात्र गिरणीबरोबर बंद पडत नाही. त्यातली शेवटची सवय राखणे हे ग्रंथालयाचे काम आहे, आणि सभासदांच्या बळावर ते शंभर वर्षे चालले आहे.