अस्सल कागदाचा आग्रही : एडमंड मलोन

नाटक ही क्षणजीवी कला आहे, असे नेहमी म्हटले जाते. प्रयोग संपतो, प्रेक्षक घरी जातात आणि फार तर संहितेची छापील प्रत मागे उरते. त्या दिवशी गल्ला किती जमला, नाटककाराच्या हाती किती पैसे पडले, कपडेपटात कोणते पोशाख होते, हे जपून ठेवावे असे त्या काळी सहसा कोणाला वाटत नाही. शंभर-दोनशे वर्षांनी या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींना मोल येते आणि मग त्यांचा शोध सुरू होतो. इंग्रजी रंगभूमीच्या बाबतीत हा शोध शिस्तीने आणि चिकाटीने घेणारे पहिले मोठे संशोधक म्हणजे एडमंड मलोन. शेक्सपिअर आणि त्याची रंगभूमी यांना दंतकथांच्या ढिगाऱ्यातून बाहेर काढून त्यांनी कागदपत्रांच्या भक्कम पायावर उभे केले. आज शेक्सपिअरच्या कोणत्याही अभ्यासकाला त्यांच्या कामाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

मलोन यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७४१ रोजी डब्लिन येथे झाला. घराणे कायदेपंडितांचे होते. वडील वकील, संसद सदस्य आणि पुढे आयर्लंडमध्ये न्यायाधीश झाले. मलोन यांचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. त्यानंतर त्यांनी लंडनच्या इनर टेंपलमध्ये कायद्याचा अभ्यास केला आणि १७६७ पासून आयर्लंडमध्ये वकिली सुरू केली. तिच्यात त्यांचे मन कधीच रमले नाही. १७७४ मध्ये वडिलांचे निधन झाले. चरितार्थापुरते उत्पन्न हाती येताच १७७७ मध्ये मलोन यांनी लंडनची वाट धरली आणि उरलेले आयुष्य ग्रंथांना वाहिले. ते अविवाहित राहिले. वकिली सुटली, तरी वकिलाची दृष्टी मात्र सुटली नाही. ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, ही शिस्त त्यांनी साहित्याच्या इतिहासाला लावली.

त्या वेळी शेक्सपिअरची कीर्ती शिखरावर होती, पण त्याच्याविषयीची माहिती बेताचीच होती. निकोलस रो याने १७०९ मध्ये लिहिलेले छोटे चरित्र हाच मुख्य आधार मानला जाई आणि त्यात ऐकीव आख्यायिकांचा भरणा होता. सर टॉमस लूसी यांच्या उपवनातली हरणे चोरल्यामुळे शेक्सपिअरला गाव सोडावे लागले, ही कथा त्यांपैकीच एक. कोणते नाटक आधीचे आणि कोणते नंतरचे, हेही कोणी नीट लावले नव्हते. मलोन यांनी १७७८ मध्ये नाटकांचा कालानुक्रम ठरविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न केला. मुद्रक-प्रकाशकांच्या संघाची नोंदवही, मुखपृष्ठांवरील सनावळी, समकालीन लेखकांचे उल्लेख आणि नाटकांत डोकावणाऱ्या तत्कालीन घटना यांची त्यांनी सांगड घातली. नाटककाराची प्रतिभा कोणत्या पायऱ्यांनी वाढत गेली, हा प्रश्न विचारणेच त्यामुळे शक्य झाले.

या कालानुक्रमातले सर्वच निष्कर्ष बरोबर नव्हते. 'द विंटर्स टेल' हे उत्तरकालीन नाटक त्यांनी आरंभी १५९४ या सालाखाली नोंदविले होते. मात्र नवा पुरावा हाती येताच जुने मत बाजूला ठेवण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. त्यांनी हे नाटक पुढे सरकवीत नेले आणि अखेर १६११ हे साल निश्चित केले. १७८० मध्ये त्यांनी सुनीतांची आवृत्ती सिद्ध केली. तोवरच्या आवृत्त्या बहुतांशी जॉन बेन्सनने १६४० मध्ये काढलेल्या संग्रहावर विसंबून होत्या. त्या संग्रहात कवितांचा क्रम मोडला होता आणि काही ठिकाणी सर्वनामेही बदलली होती. मलोन यांनी तो संग्रह दूर सारून १६०९ च्या मूळ पाठाला त्याचे स्थान परत दिले. जितकी प्रत जुनी आणि लेखकाच्या जवळची तितके तिचे वजन अधिक, हे त्यांचे सूत्र होते.

लंडनच्या साहित्यवर्तुळात त्यांना लवकरच मान मिळाला. सॅम्युअल जॉन्सन आणि चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या सुप्रसिद्ध क्लबाचे ते १७८२ मध्ये सदस्य झाले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून निघालेले सर विल्यम जोन्स हेही याच क्लबाचे सदस्य होते. कालिदासाच्या 'शाकुंतला'चा जोन्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १७८९ मध्ये निघाला, तर मलोन यांची शेक्सपिअरची आवृत्ती १७९० मध्ये. दोन थोर नाटककारांची ही सेवा एकाच मंडळातील दोघांच्या हातून वर्षभराच्या अंतराने घडावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. जेम्स बॉस्वेलने लिहिलेले जॉन्सनचे अजरामर चरित्र १७९१ मध्ये पूर्ण झाले, त्यामागेही मलोन यांचे साहाय्य होते. चंचल वृत्तीच्या बॉस्वेलला समोर बसवून, हस्तलिखिताचे एकेक पान तपासून त्यांनी ते काम तडीस नेले.

मलोन यांची खरी थोरवी दिसते ती १७९० च्या आवृत्तीतील इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात. शेक्सपिअर समजायचा तर त्याची रंगभूमी समजली पाहिजे. ती कशी बांधलेली होती, नट कोण होते, परवाने कोण देत असे, हे कळले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी जुनी दफ्तरे धुंडाळली. वूस्टरशायरमधील एका जुन्या घरातील पेटीत त्यांना सर हेन्री हर्बर्ट यांची नोंदवही मिळाली. हर्बर्ट १६२३ पासून राजदरबाराच्या वतीने नाटकांची तपासणी करून प्रयोगाला परवाना देत असत. कोणते नाटक केव्हा मंजूर झाले, कोणत्या मजकुराला कात्री लागली, हे सारे त्या जीर्ण वहीत होते.

त्याहून मोठे घबाड डलिच कॉलेजात होते. शेक्सपिअरच्या काळातील नामवंत नट एडवर्ड अ‍ॅलिन याने १६१९ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि त्याचे कागदपत्र तिथेच राहिले. त्यांत त्याचा सासरा फिलिप हेन्सलो याची जमाखर्चाची वही होती. हेन्सलो हा 'रोझ' नाट्यगृहाचा मालक. १५९२ पासूनच्या त्याच्या नोंदींत रोज कोणते नाटक झाले व त्यातून किती प्राप्ती झाली, बेन जॉन्सन, डेकर, चॅपमन या लेखकांना किती आगाऊ रक्कम दिली, पोशाखांवर किती खर्च झाला, हे सारे उतरले होते. गंमत अशी की, या वहीत शेक्सपिअरचे नाव एकदाही येत नाही. तरीही ज्या जगात तो जगला, त्या जगाचा रोजचा व्यवहार इतक्या जवळून दाखविणारा दुसरा कागद नाही. १५९८ च्या एका यादीत रंगमंचाचे सामान नोंदलेले होते. त्यात खडक होता, थडगे होते, नरकाचे द्वार होते, पडद्यावर रंगविलेले असावे असे रोम शहर होते. अदृश्य होण्यासाठी घालायचा खास झगाही नोंदींत सापडतो. अंगात झगा चढला की पात्र अदृश्य झाले, हा संकेत त्या प्रेक्षकांनी सहज स्वीकारला होता. हे कागद हाती आले, तेव्हा आवृत्तीची छपाई सुरू झाली होती. तरी मलोन यांनी पुरवणी जोडून ते वाचकांपुढे ठेवले.

त्यांच्या विवेकाची कसोटी लागली ती १७९५-९६ मध्ये. विल्यम हेन्री आयर्लंड हा वकिलाच्या कचेरीत काम करणारा, विशीही न गाठलेला तरुण. शेक्सपिअरच्या स्वाक्षऱ्या, पत्रे, 'किंग लिअर'चे हस्तलिखित आणि 'व्हॉर्टिजर्न' नावाचे आख्खे अज्ञात नाटक आपणास सापडल्याचा दावा त्याने केला. जुन्या पुस्तकांतील कोरी पाने आणि खास बनविलेली शाई एवढेच त्याचे भांडवल होते. शेक्सपिअरभक्त वडिलांची शाबासकी मिळावी, हीच त्यामागची मूळ ओढ. वडील सॅम्युअल आयर्लंड यांनी लंडनमधील घरी या कागदांचे प्रदर्शन मांडले. प्रतिष्ठितांची रीघ लागली. बॉस्वेलने तर गुडघे टेकून त्या कागदांचे चुंबन घेतले.

मलोन त्या गर्दीत सामील झाले नाहीत. डिसेंबर १७९५ मध्ये या कागदांचा संग्रह छापून प्रसिद्ध होताच ते कामाला लागले. राणी एलिझाबेथने शेक्सपिअरला 'ग्लोब' नाट्यगृहाच्या पत्त्यावर लिहिलेल्या पत्रात लेस्टरच्या सरदाराचा उल्लेख होता. तो सरदार १५८८ मध्ये वारला होता आणि 'ग्लोब' उभे राहिले १५९९ मध्ये. शब्दांना जादा अक्षरे चिकटवून केलेले स्पेलिंग कोणत्याच काळात प्रचलित नव्हते. राणीची अक्षरवाटिका तिच्या अस्सल पत्रांशी जुळत नव्हती. ३१ मार्च १७९६ रोजी मलोन यांचा चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ बाहेर पडला. दोनच दिवसांनी, २ एप्रिलला, ड्ररी लेन नाट्यगृहात 'व्हॉर्टिजर्न'चा प्रयोग झाला. प्रेक्षकांच्या हशात तो बुडाला आणि तिथला पहिला प्रयोगच शेवटचा ठरला. त्याच वर्षी आयर्लंडने कबुली दिली. वडिलांचा मात्र मुलावर विश्वास बसला नाही. एवढे लेखन करण्याची कुवत त्याच्यात नाही, असेच ते अखेरपर्यंत मानत राहिले.

पुराव्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या मलोन यांच्या हातूनही एक मोठा प्रमाद घडला. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील शेक्सपिअरचा अर्धपुतळा मुळात रंगीत होता. हे रंग मागाहून फासलेले असावेत, अशा समजुतीने त्यांनी १७९३ मध्ये तेथील धर्मगुरूंचे मन वळवून तो पांढरा रंगवून घेतला. १८६१ मध्ये तो पुन्हा रंगविण्यात आला. उसने आणलेली कागदपत्रे वर्षानुवर्षे स्वतःकडे ठेवण्याची सवयही त्यांना होती. स्ट्रॅटफर्डच्या नगरपालिकेला आपले कागद परत मिळविण्यासाठी बराच काळ थांबावे लागले. डलिचचे कागद तर त्यांच्या मृत्यूनंतर परत गेले. पण याला दुसरी बाजू आहे. हर्बर्ट यांची मूळ नोंदवही आणि रंगमंच सामानाची ती यादी आज उपलब्ध नाही. यादीतला मजकूर आपणास ठाऊक आहे तो मलोन यांनी छापून ठेवल्यामुळे आणि हर्बर्टच्या नोंदींसाठीही अभ्यासकांना मुख्यतः त्यांच्याच उताऱ्यांवर विसंबावे लागते. म्हणूनच त्यांच्या प्रामाणिकपणाला महत्त्व येते. एकोणिसाव्या शतकात जॉन पेन कॉलियर या विद्वान संशोधकाने त्याच डलिचच्या कागदांत बनावट नोंदी घुसडल्या आणि त्या निवडून काढण्यात पुढच्या पिढ्यांचे श्रम खर्ची पडले. मूळ कागद हरवला, तर उरतो तो केवळ नक्कल करणाऱ्याचा शब्द. मलोन यांचा शब्द टिकला.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी क्षीण झाली होती, तरी शेक्सपिअरचे चरित्र आणि सुधारित आवृत्ती यांचे काम चालूच होते. ते पुरे होण्यापूर्वीच २५ मे १८१२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. बॉस्वेलचा मुलगा, धाकटा जेम्स बॉस्वेल याने ते काम हाती घेऊन १८२१ मध्ये २१ खंडांत प्रसिद्ध केले. ज्या संशोधकाने बापाचा ग्रंथ पुरा करवून घेतला, त्याचाच ग्रंथ मुलाने पुरा केला. मलोन यांचा नाट्यग्रंथसंग्रह त्यांच्या भावाने ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयास दिला. जुनी नाटके आणि रंगभूमीविषयक कागदपत्रे काटेकोरपणे छापण्यासाठी १९०६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

ज्या मराठी रंगभूमीवर 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' झाला आणि 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित', तिला शेक्सपिअर परका नाही. आपल्याकडे १८४३ पासूनच्या नाटकवेडाच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. नाटक मंडळ्यांच्या हिशेबाच्या वह्या, करारपत्रे आणि कपडेपटाच्या याद्या मात्र तितक्या आस्थेने जपल्या जात नाहीत. कथा ऐकायला गोड असतात. पण कथेतले खरे किती आणि खोटे किती, हे अखेर एखादी जुनी वहीच सांगते. ती वही उघडून, डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस असावा लागतो. मलोन यांनी आयुष्यभर तेच केले.