दाराशॉ वाडिया : हिमालय वाचणारे शिक्षक

भारतीय भूविज्ञानाचे अध्वर्यू दाराशॉ नौशेरवान वाडिया यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरतेत झाला. उच्च शिक्षण सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात. १९०७ मध्ये ते जम्मूच्या कॉलेजात अध्यापक झाले. सुट्ट्यांत ते डोंगरांतून खडक व जीवाश्म गोळा करीत. १९१९ मध्ये त्यांचा भारतीय भूविज्ञानावरील पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोपीय पदवी नसतानाही १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी झाले.

नंगा पर्वताजवळ हिमालयाच्या रांगा एकदम वळतात. भारतीय भूमीचे जिभेसारखे टोक उत्तरेकडे घुसल्याने त्या त्याभोवती वळल्या, असे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १५ जून १९६९ रोजी ते निवर्तले, तेव्हा भूपट्टांचा सिद्धान्त नुकताच आकार घेत होता.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली खोल जाऊ लागला, की दाब व उष्णतेने त्याच्या खनिजांत बांधलेले पाणी सुटते. हे पाणी सिलिका व क्षार विरघळवून वर नेते. त्याच्या स्पर्शाने वरचा तप्त खडक कमी तापमानालाच वितळतो. अंदमानजवळच्या बॅरन बेटाचा ज्वालामुखी अशाच पट्ट्यावर आहे. हिमालयातील पुरावा लडाखच्या त्सो मोरारी परिसरात मिळाला. तेथील खडकांत कोएसाइट हे सुमारे नव्वद किलोमीटर किंवा त्याहून खोल दाबात घडणारे खनिज सापडले. त्याच खडकांच्या सूक्ष्म पोकळ्यांत खारे पाणी, नायट्रोजन, मिथेन व कार्बन डायऑक्साइड अडकलेले होते. हे संशोधन डेहराडूनच्या ज्या संस्थेत झाले, तिला वाडियांचेच नाव आहे.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आणखी एक नोंद करतो. त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियास गेले. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा तेथील पारशी धर्मशाळेतून त्यांना जातीमुळे बाहेर काढले गेले. वाडियांना परदेशी पदवीवाचून दार उघडले; बाबासाहेबांना परदेशी पदव्या असूनही ते बंद झाले. वाडियांची थोरवी याने उणावत नाही, पण दार कोणासाठी उघडते हे विसरता येत नाही.

आमच्या निवासी शाळेचे काम हे दार उघडे ठेवण्याचे आहे. पवईच्या टेकड्यांतील सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट हातात घेऊन आमच्या मुलामुलींनी प्रश्न विचारावेत. जम्मूच्या त्या शिक्षकाने खडकांपुढे बसूनच भूविज्ञान शिकवले होते.