पूजनीय फादर ऑगस्टस टॉल्टन यांचे अल्पचरित्र

आमच्या धर्मग्रामाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणा तरी थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी संपादक मंडळींची इच्छा होती. संतांची चरित्रे आमच्या वाचकांस पुष्कळ ठाऊक आहेत. आणि ज्यांचे चरित्र येथे देत आहोत ते अद्याप संतपदास पोहोचलेले नाहीत. तथापि आमच्या गावची मुले-मुली आता पुणे, नाशिक, मुंबई येथील महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत, आणि सुटीत घरी आली म्हणजे आम्हांस भेटून अभ्यासाबरोबर दुसऱ्याही गोष्टी सांगतात. खोलीतील सोबत्याने प्रथम आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग बोलणे कमी केले. अशा हकीकती ऐकल्या म्हणजे ज्या धर्मगुरूंचे आम्हांस वारंवार स्मरण होते, त्यांचेच चरित्र लिहावे असे आम्ही ठरविले.

ऑगस्टस टॉल्टन यांचा जन्म १ एप्रिल १८५४ रोजी अमेरिकेतील मिसूरी संस्थानात, ब्रश क्रीक नावाच्या खेड्यात झाला. पिता पीटर पॉल व माता मार्था जेन ही उभयता गुलाम होती. मालकांची घराणी कॅथलिक असल्याने त्यांच्या गुलामांसही बाप्तिस्मा मिळत असे. ऑगस्टस यांस तो २९ मे रोजी मिळाला आणि मालकीणबाई त्यांच्या धर्ममाता झाल्या. ज्या घरच्या बाईने त्या बालकास देवाचे लेकरू म्हणून हाती धरले, त्याच घरच्या मालमत्तेत त्याची गणना होत होती. यात त्या काळच्या पुष्कळ भाविक लोकांस काही विपरीत वाटत नसे, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतो. कारण पुढील सारी हकीकत हिच्यातूनच निघाली आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. पीटर पॉल उत्तरेकडील सैन्यास मिळण्यासाठी निघून गेले, ते परत आले नाहीत. पुढील वर्षी मार्था जेन यांनी आपली तीन मुले घेऊन पलायन केले, मिसिसिपी नदी होडीने ओलांडली आणि इलिनॉय संस्थानातील क्विन्सी शहर गाठले. तेथे गुलामगिरी नव्हती. परंतु गुलामगिरी नसणे आणि माणुसकी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या मातेस लवकरच कळून आले.

क्विन्सीत मायलेकरांस तंबाखूच्या कारखान्यात काम मिळाले. ऑगस्टस त्या वेळी नऊ वर्षांचे असतील. आमच्या नगर-संगमनेर भागातील ज्या भगिनींनी विड्या वळून मुले वाढविली, त्यांस तंबाखूचा तो दर्प आणि ती खोकल्याची उबळ निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. थोरला भाऊ चार्ली लवकरच वारला. हिवाळ्यात कारखाना काही महिने बंद असे. तेवढ्या अवधीत मुलाने चार अक्षरे शिकावी, म्हणून मातेने त्यास सेंट बॉनिफेस या जर्मन धर्मग्रामाच्या शाळेत घातले.

ही शाळा सुमारे महिनाभरच लाभली. गोऱ्या मुलांच्या मातापित्यांनी तक्रारी केल्या, धर्मग्राम सोडून जाण्याच्या गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या, आणि अखेर मुलास काढून घ्यावे लागले. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तक्रार करणारी ही माणसे दुष्ट म्हणून प्रसिद्ध नव्हती. रविवारी मिस्सेला येणारी, वर्गणी देणारी, परदेशात गरिबीने दिवस काढलेली अशीच ती होती. धर्मगुरूंचे मन मुलाकडे होते, तरी धर्मग्राम फुटेल या भयाने त्यांचा हात मागे आला. असा हात मागे घेण्याचा मोह कोणत्याही धर्मगुरूस किंवा शाळेच्या चालकास केव्हाही होऊ शकतो. आम्ही या कामात बरीच वर्षे आहोत, त्यावरून सांगतो.

काही वर्षांनी त्याच शहरातील सेंट पीटर या आयरिश धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर पीटर मॅकगर यांनी ऑगस्टस यांस आपल्या शाळेत घेतले. तेथेही कुरकुर झालीच. फादर मॅकगर यांनी मात्र ती व्यासपीठावरून मोडून काढली आणि आपल्या शाळेत कोण बसेल हे आपण ठरवू, असे लोकांस स्पष्ट कळविले. कोणीही धर्मग्राम सोडून गेल्याचे ऐकिवात नाही. ऑगस्टस वयाने मोठे असून त्यांस लहान मुलांबरोबर बसून मुळाक्षरे गिरवावी लागली आणि चिडविणेही सोसावे लागले. तरी संन्यासिनींनी त्यांस जपले. १८७० साली त्यांनी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. मिस्सेत ते सेवक म्हणून उभे राहू लागले, आणि हा मुलगा धर्मगुरू होईल असे प्रथम फादर मॅकगर यांच्याच मनात आले.

यानंतरची गोष्ट लिहिताना आम्हांस दुःख होते. फादर मॅकगर व त्यांच्या मित्रांनी अमेरिकेतील सेमिनऱ्यांस व धर्मसंघांस पत्रे लिहिली. एकाही ठिकाणी जागा मिळाली नाही. विद्यार्थी नालायक आहे असे कोणी म्हटले नाही. वेळ अजून आलेली नाही, लोकांच्या मनाची तयारी नाही, एवढाच त्या उत्तरांचा आशय असे. उघड नकार दिला तर त्यास उत्तर देता येते. वेळ आलेली नाही, या म्हणण्यास उत्तर नसते.

त्याच वर्षांतील एक नवल येथे सांगितले पाहिजे. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन या येशूसंघीय महाविद्यालयाचे प्रमुख १८७४ पासून १८८२ पर्यंत फादर पॅट्रिक हिली हे होते. त्यांचे पिता आयरिश आणि माता गुलाम. वर्ण गोरा असल्याने जग त्यांस गोरे समजे आणि त्यांनीही तो समज राहू दिला. याच महाविद्यालयात त्या काळी काळ्या विद्यार्थ्यास प्रवेश नव्हता. इतकेच काय, १८३८ साली मेरीलँड येथील येशूसंघाने २७२ गुलाम विकले, आणि त्या पैशातील काही भाग जॉर्जटाउनचे कर्ज फेडण्यात खर्च झाला. २०१७ साली त्या संस्थेने व येशूसंघाने गुलामांच्या वंशजांपुढे जाहीर क्षमायाचना केली. अर्थात पॅट्रिक हिली यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. पण जो अंगावरील रंगामुळे झाकला गेला तो आत बसला, आणि ज्यास झाकता आले नाही तो बाहेर राहिला.

ऑगस्टस बाहेर राहिले, परंतु स्वस्थ राहिले नाहीत. दिवसा कारखान्यात काम करावे आणि फावल्या वेळी शहरातील दयाळू धर्मगुरूंकडे लॅटिन शिकावे, असा त्यांचा क्रम चालला. फादर मायकल रिचर्ट या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी काळ्या मुलांसाठी शाळा काढली, तीत त्यांनी मदत केली. पुढे १८७८ च्या सुमारास क्विन्सी येथील फ्रान्सिस्कनांच्या सेंट फ्रान्सिस सोलानस महाविद्यालयाने त्यांस विद्यार्थी म्हणून घेतले. हेच आताचे क्विन्सी विद्यापीठ होय. ज्या देशातील सेमिनऱ्यांनी तयारी नसल्याचे कळविले, त्याच देशातील एका लहान शहराच्या महाविद्यालयात एक काळा तरुण गोऱ्या तरुणांसमवेत शिकू लागला. वेळ आलेली नाही असे म्हणणाऱ्यांस याहून अधिक काही दाखविण्याची आवश्यकता नव्हती.

फादर रिचर्ट यांनी आता रोमकडे लिहिले, आणि धर्मप्रसार मंडळाच्या प्रोपागंडा महाविद्यालयात जागा मिळाली. फेब्रुवारी १८८० मध्ये ऑगस्टस क्विन्सीहून निघाले आणि मार्चमध्ये रोमला पोहोचले. हे महाविद्यालय पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली स्थापिले. जगातील नाना देशांचे विद्यार्थी तेथे एकाच प्रकारचा काळा झगा व तांबडा कमरपट्टा धारण करीत, एकाच पंक्तीस जेवत. आणि प्रकटीकरणाच्या सणाच्या सुमारास जो तो आपापल्या भाषेत रचना म्हणून दाखवीत असे. वर्णाचा भेद तेथे नव्हता असे नव्हे, वर्ण तर डोळ्यांस दिसतच होता. पण पंक्ती, वस्त्र व नियम ही भेदाच्या हाती दिलेली नव्हती. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत जेवणघरातील बाके भाषेप्रमाणे आपोआप वाटली गेली होती. एका वृद्ध गुरुजनांनी एके दिवशी काही न बोलता सगळ्यांच्या जागा बदलल्या. त्या दिवशी जेवण गप्प झाले, पण पंधरवड्यात गप्पा सुरू झाल्या. नियमाचे सामर्थ्य आम्ही तेव्हा पाहिले. ऑगस्टस यांची रोममधील सहा वर्षे सुखाची गेली. ते चांगले गात, वाद्य वाजवीत, आणि सोबत्यांस प्रिय होते.

रोमकडे असे निघालेले ते पहिले नव्हेत, हे आमच्या वाचकांस ठाऊक असणे बरे. गोव्यातील दिवाडी बेटाचे मातेउस द कास्त्रो यांस गोव्याच्या आर्चबिशपांनी गुरुदीक्षा नाकारली, म्हणून ते १६२५ साली रोमला पोहोचले. तेथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते महागुरू झाले. पोर्तुगीजांनी त्यांस देशी म्हणून दूर लोटले होते. परंतु याच गोव्यात १६८२ साली देशी धर्मगुरूंचा जो ओरेटरी संघ स्थापन झाला, त्यात प्रायः ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती धर्मगुरूंनाच प्रवेश असे. ज्यांच्या भाईबंदांस परक्यांनी उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांनी स्वतःच्या उंबरठ्यावर तसाच पहारा बसविला. याच संघातील संत जोसेफ वाझ यांनी सिलोनात दीनदुबळ्यांत देह झिजविला, हेही खरे. आमच्याकडचा हा पहारा अद्याप उठलेला नाही. भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद चालतो हे स्वतः मान्य केले आणि त्यास गंभीर सामाजिक पाप म्हटले.

असो. २४ एप्रिल १८८६ रोजी, पवित्र शनिवारी, रोममधील सेंट जॉन लॅटरन महामंदिरात कार्डिनल पारोक्की यांच्या हस्ते ऑगस्टस टॉल्टन यांस गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्या दिवशी, पुनरुत्थानाच्या सणी, त्यांनी सेंट पीटर महामंदिरात मिस्सा अर्पिली. आपणांस आफ्रिकेत पाठवितील अशी त्यांची समजूत होती आणि मंडळाचा विचारही तसाच होता. कार्डिनल सिमेओनी यांनी तो ऐन वेळी फिरविला. ज्या देशाने या तरुणास घेतले नाही, त्याच देशात त्यास पाठवावयाचे, असा त्यांनी निर्णय दिला. तो कठोर होता. तरी आम्हांस तो योग्य वाटतो, कारण त्यांस आफ्रिकेत धाडल्याने अमेरिकेतील सेमिनऱ्यांची सुटका झाली असती.

१८ जुलै १८८६ रोजी क्विन्सीत त्यांची पहिली मिस्सा झाली, ती सेंट बॉनिफेस चर्चमध्ये. ज्या धर्मग्रामाच्या शाळेत एके काळी महिनाभरही नीट बसता आले नव्हते, त्याच्याच वेदीपाशी ते उभे राहिले, आणि चर्च भरून गेले होते.

पुढील तीन वर्षे सुखाची नव्हती. त्यांच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये गोरे लोकही येऊ लागले, हे शेजारच्या एका धर्मगुरूंस रुचले नाही, आणि टॉल्टन यांनी केवळ काळ्या लोकांपुरते पाहावे असा आग्रह सुरू झाला. अखेर डिसेंबर १८८९ मध्ये ते शिकागोस गेले. तेथे गरीब काळ्या लोकांत त्यांनी काम केले. कोंदट खोल्यांत, आजाऱ्यांच्या खाटांपाशी त्यांचे दिवस जात. सेंट मोनिका चर्च त्यांनी उभारावयास घेतले; संत कॅथरीन ड्रेक्सेल यांनी त्यास द्रव्यसाहाय्य केले. १८९४ पासून तेथे उपासना होऊ लागली, पण इमारत पुरी झाली नाही. याच ड्रेक्सेल यांनी पुढे न्यू ऑर्लिन्स येथे काळ्या विद्यार्थ्यांसाठी जे विद्यालय काढले, ते १९२५ साली महाविद्यालय झाले. ज्यांच्यासाठी दारे उघडत नव्हती त्यांच्यासाठी निराळे घर बांधणे हा तेव्हाचा मार्ग होता. तो पुरेसा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या घरातून सहस्रावधी शिक्षक, वैद्य व औषधशास्त्री बाहेर पडले.

जुलै १८९७ मध्ये शिकागोत भयंकर उष्मा झाला. फादर टॉल्टन रस्त्यात कोसळले आणि ९ जुलै रोजी रुग्णालयात निवर्तले. वय ४३ वर्षे. माता मार्था जेन त्यांच्या मागे राहिली. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह क्विन्सीस नेऊन सेंट पीटरच्या दफनभूमीत पुरण्यात आला.

२०१० साली शिकागोचे कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांनी त्यांच्या संतपदाच्या चौकशीचा मनोदय जाहीर केला. डिसेंबर २०१६ मध्ये कबर उघडून अवशेषांची ओळख पटविण्यात आली, त्यांवर धर्मगुरूची वस्त्रे घालण्यात आली आणि त्याच जागी पुन्हा दफन झाले. जून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांस पूजनीय ही पदवी दिली. पुढील पायरीसाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेल्या चमत्काराची सिद्धता लागते.