एक मणका आणखी वर

आमच्या ओपीडीत अधूनमधून असा रुग्ण येतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, होडीत पाय टाकताना तोल जातो. मानेच्या मणक्यांची झीज होऊन आतली वाट अरुंद झालेली असते आणि मज्जारज्जू चिमटलेला असतो. ऑपरेशनचं नाव काढलं की घरचे म्हणतात, नको, माणूस लुळा पडेल. तेव्हा मला सर व्हिक्टर हॉर्सली आठवतात.

त्यांचा जन्म लंडनचा, १८५७चा. वडील चित्रकार. त्या काळी मणक्याच्या आत हात घालायला सर्जन धजावत नसत. १८८७ मध्ये क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात एक कप्तान आला. पाठीत असह्य कळा, पाय गेलेले. एक्स-रेचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. विल्यम गॉवर्स या फिजिशियनने नुसतं तपासून निदान केलं, की मज्जारज्जूवर गाठ आहे. ९ जूनला हॉर्सलींनी मणके उघडले, तर तिथे काहीच नव्हतं! टाके घालून मोकळं होता आलं असतं. ते आणखी वर गेले आणि गाठ मिळाली. कप्तान पुढे चालू लागला. मज्जारज्जूवरची गाठ यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद.

१८९२ मध्ये त्यांनी मानेला हात घातला. एका तरुणाचे हातपाय दुखापतीनंतर कडक होत चालले होते. सहाव्या मणक्याची मागची कमान काढल्यावर मज्जारज्जूवर दाबणारा हाडाचा आडवा कंगोरा दिसला. जागा मोकळी झाली आणि तरुण सुधारला. आज सूक्ष्मदर्शक आहे, एमआरआय आहे, काही वेळा गळ्याच्या बाजूने जाऊन चकती काढतात. तत्त्व तेच, दाब काढायचा. मात्र फार काळ दबलेला मज्जारज्जू पूर्ण सावरेलच असं नाही. दोन वर्षं मालिश करून मग येणाऱ्यांना हे सांगताना जड जातं.

हाडातलं रक्त थांबवायला मधमाशीच्या मेणात बदामाचं तेल मिसळून लावायची युक्तीही त्यांचीच. तसलं मेण आजही ऑपरेशन थिएटरात असतं.

माणूस मात्र भांडखोर. दारू-तंबाखूचे कट्टर विरोधक, स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते; त्यामुळे शत्रूही पुष्कळ. पहिल्या महायुद्धात, साठीच्या उंबरठ्यावर, ते सैन्याबरोबर मेसोपोटेमियात गेले. तिथे अमारा इथे १६ जुलै १९१६ रोजी उष्माघाताने त्यांचा मृत्यू झाला.