चुंबकीय रसायनाचे उपासक डॉ. शांतिस्वरूप भटनागर

डॉ. भटनागरांचा जन्म १८९४ साली पंजाबातील भेरा येथे झाला. आठ महिन्यांचे असतानाच पितृछत्र हरपल्याने ते आजोळी वाढले. पुढे लाहोरच्या प्रयोगशाळेत, १९२८ मध्ये, के. एन. माथुर यांच्यासह त्यांनी चुंबकीय व्यतिकरण तुला सिद्ध केली. पदार्थ चुंबकाकडे ओढला जातो की दूर लोटला जातो, हे ती प्रकाशाच्या पट्ट्यांच्या सरकण्यावरून अचूक सांगे. त्यावरून रेणूंच्या रचनेचा वेध घेता येई. एका तेलव्यवसायी कंपनीने देऊ केलेले दीड लाख रुपये त्यांनी स्वतःसाठी न घेता विद्यापीठाच्या संशोधनास दिले! १९४० नंतर शासकीय जबाबदाऱ्यांमुळे ही तुला त्यांच्या हातून सुटली, याची आम्हांस हळहळ वाटते. मात्र त्याच काळात त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. आपल्या पुण्याची रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत सुरू झाली. १ जानेवारी १९५५ रोजी ते निवर्तले.