दंडावरील वण : डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांचें चरित्र

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वयाचीं साठ वर्षें ओलांडलीं आहेत, त्यांनीं आपली बाही वर करून दंड पाहावा. तेथें बहुधा एकदोन वाटोळे वण दिसतील. ते देवी काढल्याचे होत. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. तथापि लसीच्या फोडाचें भय गेलें नाहीं. तान्ह्या बाळास क्षयाची लस टोचल्यावर कांहीं आठवड्यांनीं तेथें पुळी येते, कधीं ती फुटते, आणि आई घाबरून तीवर लेप लावते किंवा पुढील लसीस मूल नेतच नाहीं. म्हणून ज्या मनुष्यानें असा फोड रोज डोळ्यांत तेल घालून पाहिला, त्याची हकीकत आम्हीं येथें देतों.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजीं इंग्लंडांतील बर्कली गांवीं झाला. वडील तेथील मंडळीचे पाळक होते. पांचव्या वर्षीं जेन्नर आईबापांस पारखे झाले. त्या काळीं देवी आलेल्या रोग्याचा पू निरोगी मनुष्यास टोचीत. त्यानें रोग बहुधा सौम्य येई, पण कित्येक दगावत आणि शेजाऱ्यांसही लागण होई. लहानपणीं जेन्नर यांनाही उपाशी ठेवून व रक्त काढून असें टोचण्यांत आलें होतें. पुढें लंडनांत जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्यापाशीं शिकून ते आपल्या गांवीं परतले व तेथेंच वैद्यकी करूं लागले.

गाईंच्या आचळांवर एक प्रकारचे फोड येत, व तेच धार काढणाऱ्या बायकांच्या हातांवर उठत. अशा बाईस पुढें देवी येत नाहींत, हें शेतकरी जाणून होते. बेंजामिन जेस्टी नांवाच्या शेतकऱ्यानें तर १७७४ सालींच आपल्या बायकामुलांस गाईचा पू टोचला होता. हें न सांगणें अन्यायाचें होईल. जेन्नर यांनीं मात्र त्या समजुतीची परीक्षा केली. १४ मे १७९६ रोजीं सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडांतील लस त्यांनीं जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचली. सातव्या दिवशीं त्याच्या काखेंत दुखूं लागलें. नवव्या दिवशीं अंगांत कणकण भरली, अन्नावरची वासना गेली, डोकें किंचित् दुखलें; दुसऱ्या दिवशीं मुलगा बरा. दंडावर फोड भरला, भोंवतीं लाली पसरली, खपली धरली. मग १ जुलै रोजीं जेन्नर यांनीं त्याला खऱ्या देवीचा पू टोचला, आणि रोग आला नाहीं. परक्याच्या लेकरावर असा प्रयोग आज कोणी करूं धजणार नाहीं, व करूंही नये, असें आमचें मत आहे.

१७९८ सालीं त्यांनीं आपलें पुस्तक छापलें, व त्यांत साराच्या हाताचें रंगीत चित्र घातलें. त्यांचा सर्व भर फोड ओळखण्यावर होता. गाईच्या आचळांवर दुसरेही फोड येतात. त्यांची लस टोचली तर दंडावर क्षत पडतें, पण संरक्षण मिळत नाहीं. खऱ्या फोडाची लसही भोंवतीं लाली पसरण्यापूर्वींच घ्यावी, असा त्यांचा नियम होता. १७९९ सालीं लंडनांतील देवीच्या रुग्णालयांत गाईची लस टोचलेल्या पुष्कळांच्या सर्वांगावर फोड उठले, तेव्हां विरोधकांस आयतेंच कोलीत मिळालें. जेन्नर म्हणत कीं खऱ्या लसीचा फोड टोचल्या जागींच येतो; तेथें देवीचे रोगी असल्यामुळें लसींत त्यांचा पू मिसळला असावा. त्यांचें म्हणणें खरें होतें. एका गोष्टींत मात्र ते चुकले. एकदां टोचलें कीं जन्माची निश्चिंती, असें ते समजत; पुढें कळलें कीं कांहीं वर्षांनीं पुन्हां टोचावें लागतें.

ही लस दंडावरून दंडावर अशी बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस पोंचली. १४ जून १८०२ रोजीं तेथें अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली, व तिच्या फोडांतून इतर मुलांस टोचण्यांत आलें. या रीतीनें कधीं कधीं उपदंशासारखे रोगही पसरत. म्हणून पुढें वांसरांवर लस तयार करूं लागले.

क्षयाच्या लसीचा फोड याहून निराळा आहे. तो सावकाश येतो, व दोन तीन महिन्यांत वण ठेवून सुकतो. त्यास कांहींएक लावूं नये, दाबूं नये, कोरडा ठेवावा. काखेंतील गांठ मोठी झाली अथवा फुटली, तर डॉक्टरांस दाखवावें. वण उठला नाहीं, तरी लस वायां गेली असें समजूं नये.

पार्लमेंटानें जेन्नर यांस १८०२ सालीं १०,००० व १८०७ सालीं २०,००० पौंड दिले. तरी ते आपल्या बागेंतील झोंपडींत गोरगरिबांस फुकट टोचीत राहिले. जेम्स फिप्स मोठा झाल्यावर त्याला त्यांनीं राहावयास बिनभाड्याचें घर दिलें, आणि त्याच्या अंगणांत आपल्या बागेंतील गुलाब लावविले. २६ जानेवारी १८२३ रोजीं जेन्नर वारले. बर्कलीच्या मंदिरांत त्यांस मूठमाती दिली, तेव्हां जमलेल्या लोकांत फिप्सही होता.