इब्सेन : कर्जखत आणि नाटक

हेन्रिक इब्सेनचा जन्म २० मार्च १८२८ रोजी नॉर्वेतील शीन या बंदरगावी झाला. तो सात-आठ वर्षांचा असताना वडिलांचा व्यापार बुडाला आणि प्रतिष्ठित कुटुंबाला गावाबाहेरच्या शेतघरी जाऊन राहावे लागले. पैसा गेला की पाठोपाठ आदरही कसा जातो, याचा हा अनुभव त्याच्या नाट्यसृष्टीच्या तळाशी आहे. ग्रिम्स्टाड येथे औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असताना घरातील मोलकरणीपासून १८४६ मध्ये त्याला मुलगा झाला. त्याच्या पोषणाचा खर्च तो पुढे अनेक वर्षे देत राहिला.

बर्गेन व ख्रिस्तियानिया येथील नाट्यगृहांतील नोकरी, दुसऱ्या नाट्यगृहाचे १८६२ मधील दिवाळे, १८६४ पासूनचा सत्तावीस वर्षांचा परदेशवास, ‘ब्रांड’मुळे १८६६ मध्ये लाभलेली कीर्ती, हे सर्वपरिचितच आहे. युरोपीय नाटकाला वळण लागले ते मात्र एका खाजगी कर्जातून.

लाउरा कीलर या तरुण लेखिकेने क्षयग्रस्त पतीच्या इटलीतील हवापालटासाठी त्याच्या नकळत कर्ज काढले होते. ते फेडता यावे म्हणून १८७८ मध्ये तिने आपले हस्तलिखित इब्सेन दांपत्याकडे धाडले. इब्सेनने शिफारस नाकारली व सारे पतीला सांगण्याचा सल्ला दिला. निरुपाय होऊन तिने बनावट दस्तऐवज केला. तो उघडकीस येताच तिची मुलांपासून ताटातूट झाली आणि काही काळ रवानगी मनोरुग्णालयात. पुढच्याच वर्षी ‘डॉल्स हाउस’ प्रसिद्ध झाले. ८,००० प्रतींची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. नोरा घर सोडते. लाउरा मात्र मुलांसाठी त्याच घरी परतली, आणि नोराचे मूळ म्हणून ओळखले जाण्याचा जाच तिला दीर्घकाळ सोसावा लागला. हे ऋण इब्सेनने फेडले, असे म्हणता येत नाही.

जर्मनीत हेडविग नीमान-राबे या अभिनेत्रीने मुलांना सोडून जाणारी आई रंगविण्यास नकार दिला. नाट्यकृतीला तेथे कायद्याचे संरक्षण नव्हते. तेव्हा दुसऱ्याने मोडतोड करण्यापूर्वी, मनाविरुद्ध, इब्सेनने स्वतःच नोराला घरात थांबविणारा शेवट लिहून दिला. विवाहित स्त्रीस स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा, या १८८४ मधील अर्जावर ब्यर्नसनबरोबर (‘आंधळ्यांची शाळा’मुळे हे नाव मराठी रंगभूमीला परके नाही) त्याचीही सही होती, तसा कायदा १८८८ मध्ये झाला. तरीही १८९८ मध्ये स्त्रीहक्क संघटनेने केलेल्या सत्कारात त्याने त्या चळवळीचे श्रेय नाकारले. याला केवळ विनय मानणे भाबडेपणाचे होईल.

२३ मे १९०६ रोजी ख्रिस्तियानियात त्याचे निधन झाले. लाउरा कीलर १९३२ पर्यंत जगली.